माझगावचा नसलेला किल्ला

सुनंदे, आधी आपलं भांडण संपवू या. रडायचं ते नंतर रडेन.

ऑफिसच्या जुन्या ग्रुपवर लोकांनी तुझ्याबद्दल पुष्कळ लिहिलंय. शांत, मनमिळाऊ, कधी कुणाला दुखावलं नाही. वाचताना मला तुझंच हसू ऐकू आलं. मनमिळाऊ म्हणे! नकाशांच्या विभागात साहेबाने तुझी एक रेघ खोडली, तर तू तीन दिवस त्याच्याशी बोलत नसायचीस. मी आवक-जावकच्या टेबलावरून पत्रांवर शिक्के मारता मारता ते बघत असे. तीस वर्षं आपण एका मजल्यावर काढली, एका डब्यात जेवलो, आणि भांडणाशिवाय एक आठवडा गेला नाही. हे कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहायला बसले.

भांडण एवढंच होतं, की किल्ले सहा की सात.

निवृत्त झालो आणि तुझ्या डोक्यात खूळ शिरलं. मुंबईहून मालवणला सायकलने जायचं, समुद्राच्या बाजूबाजूने, वाटेतला एकेक किल्ला करत, थेट सिंधुदुर्गापर्यंत. साठीच्या दोन बायका, एकीचे गुडघे कुरकुरतात, दुसरीला सायकलच येत नाही. मी म्हटलं, तुझं डोकं फिरलंय. तू म्हणालीस, आधी मुंबईतले किल्ले करू, मग बघू कोणाचं फिरलंय ते. आणि दुसऱ्याच दिवशी ट्रेसिंग पेपरवर रस्ता आखून आणलास. फोर्टातल्या जॉर्जच्या किल्ल्याची उरलेली भिंत, मग माझगाव, शिवडी, शीव, धारावीतला काळा किल्ला, माहीम, शेवटी वरळी, आणि हाजीअलीवरून परत माझ्या गिरगावात. सहा किल्ले तू ठळक शाईने काढले होतेस. माझगावचा तेवढा तुटक रेघेने.

"हा असा का?" मी विचारलं.

"पाडलेला बांधकाम तुटक रेघेनच दाखवतत," तू म्हणालीस. ऑफिसात तू माझ्यापेक्षा शुद्ध बोलायचीस, पण हट्टाला पेटलीस की मालवणी सुरू.

म्हणजे किल्ला नाहीच. इंग्रजांच्या काळातच गेला. भंडारवाड्याच्या टेकडीवर आता बाग आहे आणि खाली पाण्याची टाकी. बघायला एक दगड नाही. मी म्हटलं, मग सहाच झाले की. नसलेल्या किल्ल्यासाठी तो चढ कोण चढणार?

"दगड गेले म्हणान जागा गेली काय गो?"

यावर आपण चार वर्षं भांडलो. प्रत्येक वेळी मी टेकडीच्या पायथ्यापासून सरळ शिवडीकडे जायचे आणि तू सायकल ढकलत वर. बागेच्या फाटकाबाहेरच्या मातीला पुढचं चाक टेकवून, पाच मिनिटं आत बसून तू मागून यायचीस. प्रत्येक किल्ल्याच्या भिंतीला चाक टेकवायचं, ही तुझीच पद्धत. देवाच्या पायरीला हात लावतात तसं. फोटो नाही, काही नाही. चाक टेकवलं की किल्ला झाला. चार वर्षांत मी एकदाही ती टेकडी चढले नाही, सुनंदे. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

सायकल मला तूच शिकवलीस. बॅलार्ड इस्टेटच्या रिकाम्या रस्त्यांवर, रविवारी सकाळी, पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला गच्च बांधून. तू नायगावची, बीडीडी चाळीतली. वडील लालबागच्या गिरणीत सायकलने जायचे, आणि त्यांच्या त्या अवजड सायकलवर तू दांड्याखालून पाय घालून शिकलेलीस. माझ्या घरी मुलींनी सायकल चालवायची नसते, हे इतकं ठरलेलं होतं की कुणाला नाही म्हणायचीही वेळ आली नाही. तू कॅरिअर धरून मागे पळायचीस. मी ओरडायचे, "सोडू नकोस हं! धरलंयस ना?" मागून आवाज यायचा, "धरलंय गो, चल तू!" एकदा तो आवाज फार लांबून आला. वळून बघते तर तू पार कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापाशी कमरेवर हात ठेवून उभी, आणि मी एकटीच चालवत होते. दुसऱ्याच क्षणी पडले, ते सोड. "खोटारडी!" मी रस्त्यात बसून ओरडले. तू इतकी हसलीस की पहारेकरी बघायला आला.

तुझं ते खोटं मला सायकल देऊन गेलं. माझ्या खोट्याचं आता सांगते.

आपले नियम दोन. एक तुझा, एक माझा. सुरुवातीला मी सारखी मागे वळून तू येतेस का बघायचे. काळाचौकीजवळ अशीच वळले आणि बसच्या इतकी जवळ गेले की ड्रायव्हरने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्या दिवशी तू नियम केलास. माझ्यासाठी मागे वळायचं नाही, पुढच्या किल्ल्यावर भेटायचं. माझा नियम फोनचा. तुला प्राची दर अर्ध्या तासाने फोन करायची. आई पोचलीस का, आई पाणी प्यायलीस का. लेक डोंबिवलीला राहून तुला हातातल्या बाहुलीसारखी सांभाळायची. तू एका हाताने सायकल चालवत तिच्याशी बोलायचीस. म्हणून मी ठरवलं, चाकं फिरत असताना फोन आवाज बंद करून मागच्या पिशवीत. दोन शहाण्या बायकांचे दोन शहाणे नियम.

तो रविवार. तू जॉर्जच्या भिंतीपाशी आलीस तेव्हाच तोंड उतरलेलं होतं. चाळ पाडायला निघाली होती, म्हणून आदल्या दिवशी तिथली खोली रिकामी केली होती. साठ वर्षांचं सामान तीन मजले खाली उतरवून भाड्याच्या जागेत नेलं होतं. "खांदो धरलोहा," तू म्हणालीस आणि डावा खांदा चोळलास. मी म्हटलं, पेट्या उचलल्यास ना हमालासारख्या, धरणारच. तू भिंतीला चाक टेकवलंस, पाणी प्यायलीस. मी तुझ्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. मला वाटत होतं, उशीर होतोय, ऊन चढेल.

डॉकयार्ड रोडपाशी आलो. टेकडीच्या तोंडाशी मी थांबले, कारण मला तुला अडवायचं होतं. म्हटलं, आज राहू दे, खांदा दुखतोय ना. तू म्हणालीस, आज तरी जायलाच हवं. मी विचारलं, आजच काय एवढं? तू नुसती वर बघत राहिलीस. आणि मला राग आला. का आला ते आजही नीट सांगता येत नाही. गेले दोन महिने तुझं चाळ, चाळ, चाळ चाललं होतं. कुठल्या खोलीत कोण राहायचं, कुठल्या नळाला आधी पाणी यायचं, जिन्याची कुठली पायरी हलते. मी ऐकून ऐकून कंटाळले होते. मी म्हटलं, "आधी तुझी चाळ, आता हा किल्ला. जे उरलं नाही त्यालाच कवटाळून बस तू जन्मभर."

हे मी म्हटलं. माझ्या तोंडून तुझ्या कानावर गेलेलं शेवटचं वाक्य हे.

तू भांडली नाहीस. तीस वर्षांत पहिल्यांदा तू उलटून बोलली नाहीस, आणि मला तेव्हाही कळलं नाही. तू म्हणालीस, "तू हो फुडे. मी येतंय." आणि सायकल ढकलत चढायला लागलीस. मी वळून बघितलं नाही.

शिवडीच्या किल्ल्यावर पोचले, चाक टेकवलं, पायरीवर बसले. समोर खाडी, चिखल, लांबवर तो नवा पूल. दहा मिनिटं गेली, वीस गेली. मला वाटलं, रुसली आहे. मुद्दाम उशीर करते आहे, मला ताटकळत ठेवायला. बरं, मीही काही कमी नाही. थर्मासमधला चहा काढला. माझा कप प्यायले. मग तुझ्या वाट्याचाही प्यायले. सुनंदे, रागाने प्यायले. तू आलीस की रिकामा थर्मास दाखवायचा, असं मनात ठरवून.

मी स्वतःला सांगते, नियमच होता आपला, मागे वळायचं नाही असा. तुला खरं सांगते. नियम आठवलाच नव्हता. मी फक्त रागावून बसले होते.

पाऊण तासाने पिशवीतून फोन काढला, तोही तुला झापायला. तुझे तीन मिस्ड कॉल. पहिला मी वाटेत होते तेव्हाचा. दुसरा आणि तिसरा मी चहा पीत होते तेव्हाचे. पिशवी माझ्यापासून हातभर अंतरावर होती.

तुझा नंबर लावला तर कुणी पुरुष बोलला. बागेत रोज फिरायला येणारे होते. म्हणाले, बाई बाकावर बसल्या होत्या, मग कलंडल्या, आम्ही टॅक्सीत घालून आणलंय, तुम्ही या. कुठल्या हॉस्पिटलात ते सांगितलं. मी पोचले तेव्हा ते दारातच उभे होते. त्यांनी तुझा फोन आणि हेल्मेट माझ्या हातात दिलं, हात जोडले आणि गेले. त्यांचं नावही मी विचारलं नाही. आतून डॉक्टर आली आणि जे सांगायचं ते सांगून गेली.

मग प्राची आली. केस विंचरलेले नाहीत, पायात दोन वेगळ्या चपला. मला बघितलं. माझ्या डोक्यावर हेल्मेट, हातात तुझं. धावत येऊन गळ्यात पडली आणि म्हणाली, "मावशी, तू होतीस ना जवळ? ती एकटी नव्हती ना?"

मी म्हटलं, "होते गं."

"हात धरला होतास?"

"धरला होता."

"काही म्हणाली?"

"तुझं नाव घेतलं."

तिने डोळे मिटले आणि मान हलवली. किती थकून आणि किती निवून मान हलवली ते तुला कसं सांगू? मला वाटलं, एवढं तरी मी तिला दिलं. तूही दिव्याच्या खांबापाशी उभी राहून धरलंय म्हणाली होतीसच की. असं मी मला समजावलं. पण तुझं खोटं माझ्यासाठी होतं, आणि माझं अर्धंअधिक मलाच वाचवायला होतं. तुझा फोन मी त्याच वेळी तिच्या हातात दिला. त्यात काय आहे याचा विचारही मनात आला नाही. इतकी मी मूर्ख.

बाराव्याला प्राचीने सगळ्यांसमोर सांगितलं की शेवटच्या क्षणी मावशी होती. तुझी भावजय माझ्या पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतले. सगळ्यांना वाटलं विनय.

तुझा ट्रेसिंग पेपर प्राचीने मला आणून दिला, तुझी आठवण म्हणून. घडी उघडून बघितली तर नायगावच्या जागी, शिवडी आणि शीव यांच्या मधे, तू बारीकसा एक चौकोन काढून ठेवला होतास. तुटक रेघेने. कधी काढलास कोण जाणे. मी तो कागद कपाटात साड्यांच्या खाली ठेवला आहे. बाहेर काढत नाही.

महिना उलटल्यावर प्राचीचा फोन आला. मावशी, आईची सायकल मी दुरुस्त करून घेतली आहे, एकदा तुझ्याबरोबर तिच्या रस्त्याने जायचंय. सगळा नाही, निदान माझगावपर्यंत. ती कुठे बसली होती ते मला दाखव.

मला नाही म्हणता आलं नाही. त्या रात्री मी ठरवलं की सांगून टाकायचं. जॉर्जच्या भिंतीपाशी भेटलो की आधी सांगायचं, मग पुढे. भिंतीपाशी ती तुझ्या सायकलवर आली. तुझ्यासारखीच पाठीत वाकून चालवते. तिने विचारलं, "इथे चाक टेकवायचं ना?" आणि टेकवलं. मी मनात म्हटलं, डॉकयार्डला सांगू. डॉकयार्डला म्हटलं, वर गेल्यावर.

चढ मोठा नाही गं. चार वर्षं मी ज्याचा एवढा बाऊ केला तो चढ दहा मिनिटांत संपला. फाटकाबाहेर सायकली लावल्या, तिने मातीला चाक टेकवलं, मीही टेकवलं. पहिल्यांदा. आत छान झाडं आहेत. म्हातारी माणसं हात वर करून व्यायाम करत होती. एका बाजूने सगळं बंदर दिसतं, बोटी, क्रेन, पलीकडचे डोंगर. तू कधी सांगितलं नाहीस की इथून इतकं दिसतं. की सांगितलं होतंस आणि मी ऐकलं नाही?

"कुठे?" प्राचीने विचारलं.

बाकडी खूप होती. एखाददुसरं असेल असं वाटलं होतं मला. मी इकडे तिकडे बघितलं. अजूनही सांगता आलं असतं. तोंड उघडलंही होतं. आणि माझं बोट आपोआप उचललं गेलं, बंदराकडे तोंड करून असलेल्या एका बाकाकडे.

"इथे."

"आणि तू?"

"मी इथे, बाजूला."

ती बाकावर जाऊन बसली. बराच वेळ बंदराकडे बघत राहिली. मग तिने जॅकेटच्या खिशातून फोन काढला. तिचा नव्हे. तुझा, मागे तडा गेलेला.

"मावशी," ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. "तू बाजूला होतीस, तर तिने तुला तीन वेळा फोन का केला?"

मी तिच्या हातातल्या फोनकडे बघत राहिले.

"मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं ते. वाटलं, धक्का बसलाय, सांगेल नंतर. बाराव्यालाही वाट बघितली. मी सगळ्यांसमोर तुझं नाव घेतलं, ते तुला आता तरी राहवणार नाही म्हणून. आणि आज इथे आणलं. म्हटलं, इथे तरी सांगशील."

मी खाली बसले, तिथेच, बाकाच्या पायाशी, मातीत. म्हटलं, "मला माहीत नाही गं ती कुठे बसली होती. मी इथे आजच पहिल्यांदा येते आहे." मग सगळं सांगितलं. चाळीबद्दल बोलले ते, चहाचं, पिशवीचं. काही ठेवलं नाही. ती ऐकत होती. मधेच एकदा तिने विचारलं, "म्हणजे माझं नाव घेतलं तेही..." आणि मी मान खाली घातल्यावर पुढे विचारलं नाही.

शिवी दिली असती, एक थोबाडीत मारली असती तर मी तिच्या पाया पडले असते. तिने फोन खिशात ठेवला. शेजारच्या बाकाकडे बघितलं, त्याच्या पलीकडच्या बाकाकडे बघितलं. आता तिलाही सगळ्याच बाकांवर तू दिसत असशील. एका बाकावर तरी तिला तुला बसवू द्यायचं, तेही मी नासवलं.

मी म्हटलं, "चल, खाली उतरू या. ऊन होईल."

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू हो पुढे, मावशी. मी येते."

तिला काय माहीत, हे शब्द कुणाचे आहेत. तेवढं एक मी सांगितलं नव्हतं.

मी फाटकापर्यंत गेले. सायकलवर हात ठेवून उभी राहिले. तुझा नियम मोडून मागे वळून बघितलं, हो, बघितलं, पण वळणावरच्या झाडांमुळे ती दिसली नाही. परत जावं, तर कुठल्या तोंडाने जावं? आणि न जावं, तर पुन्हा तेच. शेवटी उतरले. कॉटन ग्रीनवरून शिवडीला कशी पोचले ते आठवत नाही. भिंतीला चाक टेकवलं आणि त्याच पायरीवर बसले.

तू जिंकलीस, सुनंदे. किल्ले सातच आहेत. हे सांगायला तुझ्याकडे यायचं तर आता कुठला चढ चढू?

दहा वाजले. अकरा वाजले. थर्मास भरलेला होता, झाकणही उघडलं नाही. दोन कप शेजारी मांडून ठेवले होते. या वेळी फोन पिशवीत नव्हता. आवाज पूर्ण वाढवून हातात धरून बसले होते, अंगठा त्याच्यावर ठेवून, पहिल्याच रिंगला उचलायला.

वाजला नाही.